ग्लूटेन बंद केल्यानंतरही टिकून राहणारा थकवा: कारण कसे शोधावे

सिलिॲक या आजारात गहू आणि जव यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते. त्याचे निदान होऊन गहू, जव आणि त्यांचे सगळे पदार्थ बंद केले, की पोटाच्या तक्रारी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत कमी होऊ लागतात. पोट फुगणे थांबते, जुलाब आटोक्यात येतात, भूक लागू लागते. थकवा मात्र इतक्या सहज जात नाही. सकाळी उठतानाच अंग जड वाटणे, दुपारनंतर गळून जाणे, एक जिना चढला तरी धाप लागणे अशा तक्रारी कित्येक महिने राहतात आणि मग घरात दोन मते पडतात. एकाला वाटते की हे पथ्यच निरुपयोगी आहे, तर दुसऱ्याला वाटते की पोळीशिवाय अंगात ताकद येणारच कशी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ग्लूटेन बंद केल्याने आतड्याची इजा थांबते. परंतु त्या इजेच्या काळात शरीरात पडलेली लोहाची, जीवनसत्त्वांची आणि स्नायूंची तूट केवळ पथ्याने पूर्णपणे भरून येईलच असे नाही. तिचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, आणि तो क्रमाने घेतला तर बराच वेळ व पैसा वाचतो.

ज्यांनी तपासणी न करताच, कोणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडला आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. सिलिॲकची टीटीजी ही रक्ततपासणी आणि लहान आतड्याची बायोप्सी या दोन्ही आहारात ग्लूटेन असतानाच भरवशाच्या ठरतात. गहू सोडून बरेच महिने झाले असतील तर अहवाल नॉर्मल येऊ शकतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी डॉक्टर काही आठवडे ठरावीक प्रमाणात गहू पुन्हा सुरू करून तपासणी करतात, किंवा आहारावर अवलंबून नसलेली एचएलए ही जनुकीय तपासणी सुचवतात. ती नकारात्मक आली तर सिलिॲकची शक्यता जवळजवळ संपते, आणि मग थकव्याचे कारण गव्हात शोधत बसण्यात अर्थ उरत नाही.

किती काळ वाट पाहावी

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातील पोषक द्रव्ये तिच्यातूनच शोषली जातात. सिलिॲकमध्ये ही लव झडून अस्तर सपाट होते. लहान मुलांमध्ये ती तुलनेने लवकर पूर्ववत होते. प्रौढांमध्ये मात्र दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे थकवा हळूहळू का होईना कमी होत असेल, तर तीन-चार महिने धीर धरणे योग्य आहे. परंतु तो जागचा हलत नसेल, वाढत असेल, किंवा पथ्य सुरू करतानाच हिमोग्लोबिन कमी असल्याचे माहीत असेल, तर वाट पाहण्याने काहीच साधत नाही.

या काळात एका वहीत दोन ओळी रोज लिहाव्यात. त्यांत थकवा नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे लिहावे, कारण ‘थकवा’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या तक्रारी येतात आणि त्या निरनिराळ्या दिशा दाखवतात. चढावर धाप लागणे आणि छातीत धडधडणे यांचा संबंध बहुधा रक्तक्षयाशी असतो. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठताना मांड्यांत जोर न येणे आणि हाडे दुखणे यांमागे ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असू शकते. तळपायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ आठवावे, आणि रात्री अंथरुणावर पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाची पातळी. थंडी फार वाजणे, बद्धकोष्ठता आणि वजन वाढणे ही तक्रार थायरॉइडकडे बोट दाखवते. डॉक्टरांना ‘फार थकवा येतो’ एवढेच सांगण्यापेक्षा असे नेमके वर्णन सांगितल्यास तपासण्यांची यादी आपोआप लहान होते.

पथ्यातील गळती

पथ्य चालू असूनही तक्रारी टिकून राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे नकळत पोटात जाणारे ग्लूटेन. ते किती सूक्ष्म प्रमाणात पुरेसे ठरते, हे आकड्यांत पाहावे. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात दोन ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसते असे मानले जाते. रोज ५० मिलिग्रॅम काही महिने घेतल्यास आतड्याला इजा झाल्याचे अभ्यासात दिसले आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साधारण पन्नासावा भाग. त्यामुळे पोळी खाल्ली नाही एवढ्याने पथ्य पाळले असे होत नाही.

महाराष्ट्रातील घरांत ही गळती बहुधा गिरणीपासून सुरू होते. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. दगडांच्या खाचांत आणि पीठ पडण्याच्या कापडी तोंडाला चिकटलेली कणीक आपल्या डब्यात येते, आणि ‘आधी मूठभर ज्वारी दळून टाकून देऊ’ हा उपाय पुरेसा नाही. ज्या घरात सिलिॲकचा रुग्ण आहे, त्या घराने केवळ ग्लूटेनमुक्त धान्यांसाठी राखून ठेवलेली घरघंटी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर निरनिराळ्या टॉनिकांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ती महाग पडत नाही. धान्य आणल्यावर ते ताटात पसरून निवडावे, कारण पोत्यातल्या ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे सापडतात, आणि मग धुऊन, वाळवून दळावे.

त्यानंतर मिसळणाच्या डब्याकडे वळावे. खडा हिंग फार उग्र असल्यामुळे बाजारातील हिंगपुडीत डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते. डबी उलटी करून बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावी. ‘व्हीट फ्लोअर’ असे असेल तर तांदळाच्या पिठाचा हिंग आणावा. चिमूटभर हिंगातून जाणारे प्रमाण फारसे नसते हे खरे, पण ही चिमूट दोन्ही वेळच्या आमटीत आणि भाजीत पडते. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात अनेक घरी गहू घालतात, सातूच्या पिठात तर तो असतोच, आणि कुरडया गव्हाच्याच चिकाच्या असतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हातावर घेतला म्हणून काय होते, असे घरातील वडीलधारी मंडळी प्रेमाने म्हणतात; तो रव्याचा असल्यामुळे कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवणे हाच मार्ग आहे. खपली गव्हाविषयीचा गैरसमज विशेष घातक आहे. खपली हा जुना वाण आहे, चवीला उत्तम आहे, पण तो गहूच आहे आणि सिलिॲकमध्ये तो तितकाच वर्ज्य आहे.

थकवा जावा म्हणून केलेले काही उपायच थकवा टिकवून ठेवतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. दुधातून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच शक्तिवर्धक पावडरींत जवाचे माल्ट असते. रक्त वाढावे म्हणून गव्हांकुराचा रस घेणारेही पुष्कळ आहेत. दाणा धरण्यापूर्वीच्या कोवळ्या पात्यात ग्लूटेन नसते, तरी कुंडीत पात्यांच्या खाली भिजवलेला गहूच असतो आणि पाती कापताना तो रसात येण्याचा धोका राहतो. शिवाय या रसाच्या हिरव्या रंगाचा हिमोग्लोबिनशी संबंध जोडणे निराधार आहे. साध्या ओट्समध्येही गहू किंवा जव मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते.

ज्या घरात बाकीचे लोक पोळ्या खातात, तेथे भाकरी आधी करून झाकून ठेवावी आणि पोळ्या नंतर लाटाव्यात. तवा, परात, झारा आणि पिठाची चाळण वेगळी ठेवावी. लाकडी पोळपाटाच्या भेगांत कणीक राहतेच, तो धुऊन स्वच्छ होईल अशी आशा करू नये. घरी पोळ्या करायला मावशी येत असतील, तर त्यांना केवळ ‘हे वेगळे ठेवा’ असे न सांगता कारण समजावून सांगावे, म्हणजे भाकरी मोडू नये म्हणून त्या पिठात मूठभर कणीक मिसळणार नाहीत. पाकीटबंद पदार्थांसाठी भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या मालात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये असा नियम आहे, तेव्हा वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख शोधावा.

पथ्यात गळती आहे की नाही, हे ठरवण्यासाठी टीटीजीची पातळी मदत करते. निदानानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दर वर्षी ही तपासणी केली जाते. आकडा उतरत असेल तर दिशा बरोबर आहे. तो उतरायचा थांबला किंवा पुन्हा चढू लागला, तर कोठेतरी ग्लूटेन जात आहे. मात्र टीटीजी नॉर्मल आले म्हणजे थोडेही ग्लूटेन जात नाही किंवा आतडे पूर्ण बरे झाले, असा अर्थ काढू नये. ज्यांच्या रक्तात आयजीए हे प्रथिन मुळातच कमी असते, त्यांना ही तपासणी उपयोगी पडत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या प्रकारची तपासणी लागते.

ताटातून पोळी गेली, तिच्या जागी काय आले

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. दोन वेळच्या चार पोळ्या बंद होतात, भाकरीची सवय नसते, म्हणून अर्धी भाकरी आणि थोडा भात यांवर जेवण आटोपते, बाहेर काही खाता येत नाही म्हणून मधली वेळ उपाशी जाते, आणि दिवसाचे शेकडो उष्मांक नकळत कमी होतात. आधीच अशक्त असलेल्या शरीराला भरून येण्यासाठी अधिक अन्न हवे असताना त्याला कमी अन्न मिळते, तेव्हा थकवा येणे स्वाभाविक आहे. काहीजण उपवासाच्या पदार्थांवर विसंबतात, कारण साबुदाणा, वरई आणि राजगिरा यांत ग्लूटेन नसते. यांतील राजगिरा उत्तम आहे. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिने नाममात्र असतात, आणि केवळ खिचडीच्या नाश्त्यावर दुपारपर्यंत काढणाऱ्याला अकरा वाजता डुलकी येते. महागडी ग्लूटेनमुक्त बिस्किटे आणि ब्रेड यांचीही गत बहुधा तशीच असते.

प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ असावा: भाकरीबरोबर पिठले किंवा मटकीची उसळ, भाताबरोबर घट्ट वरण, सकाळी मूगडाळीचे धिरडे किंवा अंडी, आणि मांसाहार चालत असेल तर मासळी किंवा मटण. ज्वारी, बाजरी व नाचणी पौष्टिक आहेत, पण त्यांतील फायटेट या घटकामुळे लोह कमी शोषले जाते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणे, पीठ आंबवून आंबील किंवा घावन करणे आणि ताटात लिंबू पिळणे या आपल्या जुन्या रीतींनी हा अडथळा कमी होतो. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास नेमके उलटे घडते. जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्यावा. सुरुवातीच्या काळात दूध पचत नसेल, पोटात गुडगुड होऊन जुलाब होत असतील, तर तो दोष ग्लूटेनचाच असेल असे नाही. झडलेल्या लवेबरोबर दुधातील साखर पचवणारे विकरही कमी होते आणि आतडे भरून आले की बहुधा परत येते. तोवर दही व ताक सहसा सोसते.

कोणत्या तपासण्या आणि त्या कशा वाचाव्यात

लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सिलिॲकची सर्वाधिक इजा तेथेच होते, म्हणून पहिला संशय लोहावर घ्यावा. हिमोग्लोबिन प्रौढ स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय ठरतो. परंतु हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि तेवढ्यानेही थकवा येतो. हा साठा फेरिटिन या तपासणीत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढांमध्ये ते १५ पेक्षा कमी असल्यास लोहाची कमतरता मानली जाते, तर अनेक डॉक्टर ३० पेक्षा कमी असले तरी उपचार सुरू करतात. ताप किंवा कोणताही दाह असताना फेरिटिन वाढलेले दिसते, तेव्हा आजारपणात काढलेल्या ‘नॉर्मल’ आकड्यावर विसंबू नये.

शाकाहारी रुग्णांच्या अहवालात एक चकवा असतो. लोह कमी असेल तर रक्तातील तांबड्या पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी असेल तर मोठ्या होतात. दोन्ही एकाच वेळी कमी असतील तर पेशींचा सरासरी आकार सरळसरळ नॉर्मल छापून येतो. म्हणून बी-१२ आणि फोलेट या तपासण्या वेगळ्या कराव्याच लागतात. त्यांच्या जोडीला ‘ड’ जीवनसत्त्व, टीएसएच ही थायरॉइडची तपासणी, रक्तातील साखर, क्षार, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या घेतल्या की पहिली फेरी पूर्ण होते. झिंक, तांबे यांसारख्या तपासण्या डॉक्टरांना तशी गरज वाटल्यासच कराव्यात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे.

लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. रोज घेतल्यास मळमळ होत असेल तर डॉक्टर ती एक दिवसाआड देतात. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. नियमित गोळ्या घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वाढायला हवे. ते वाढत नसेल तर आतडे अद्याप लोह शोषत नाही किंवा रक्त दुसरीकडून जात आहे, आणि तेव्हा शिरेवाटे लोह देण्याचा विचार होतो. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवतात. बरेच रुग्ण नेमक्या याच टप्प्यावर त्या बंद करतात आणि काही महिन्यांत पुन्हा मूळ जागी येतात. स्त्रियांच्या बाबतीत पाळीत होणारा जास्त रक्तस्राव हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी स्वतःहून सांगावा. सिलिॲकचे निदान झाले की सगळा दोष त्याच्याच माथी मारला जातो आणि दर महिन्याला होणारा हा ऱ्हास तसाच चालू राहतो.

‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांसाठीच असते. बरे वाटते म्हणून ती वर्षभर स्वतःच्या मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, अशक्तपणा आणि मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो.

सिलिॲकच्या जोडीला येणारे इतर आजार

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्यामुळे होणारे आजार एकमेकांच्या सोबतीने येतात. सिलिॲकच्या रुग्णांत थायरॉइडचा असा आजार आणि टाइप १ मधुमेह इतरांपेक्षा अधिक आढळतात. तहान आणि लघवी वाढून वजन उतरत असेल तर साखर त्याच दिवशी तपासावी. उभे राहताच चक्कर, मीठ खाण्याची तीव्र इच्छा आणि त्वचा काळवंडणे ही लक्षणे ॲडिसनच्या, म्हणजे मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराची असू शकतात. तो विरळा आहे, पण दुर्लक्ष केल्यास जिवावर बेततो. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती आणि लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर असावे, आणि आतडे सुधारू लागल्यावर तीच गोळी अधिक शोषली जाते, त्यामुळे जुनी मात्रा जास्त होऊन धडधड व थकवा दोन्ही वाढू शकतात. म्हणून पथ्य सुरू झाल्यावर टीएसएच पुन्हा करून घ्यावे.

उदासी आणि झोप यांविषयी बोलायला लोक संकोचतात. लग्नकार्यात वेगळा डबा घेऊन जाणे, प्रत्येक ठिकाणी तेच स्पष्टीकरण देणे, पंगतीत बसून न जेवणे याचा मनावर ताण येतो, आणि सिलिॲकच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसते. रक्ताचे सगळे आकडे सुधारूनही कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे हा उपचाराचाच भाग आहे. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे ही तक्रार असेल तर तीही सांगावी.

हालचालीविषयी एवढेच, की हिमोग्लोबिन बरेच कमी असताना व्यायामाचा हट्ट धरू नये. ते सावरू लागल्यावर सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी भर घालावी. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी आठवड्याची सगळी कामे उरकून पुढचे दोन दिवस पडून राहणे, ही सवय मात्र मोडावी.

वर्षभर काटेकोर पथ्य पाळूनही वजन उतरत असेल, जुलाब पुन्हा सुरू झाले असतील, रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागत असेल, ताप किंवा शौचातून रक्त येत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे विलंब न लावता जावे. अशा वेळी आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ, स्वादुपिंडाच्या रसाची कमतरता, मोठ्या आतड्याचा सूक्ष्म दाह आणि क्वचित पथ्याला न जुमानणारा सिलिॲक यांचा क्रमाने विचार होतो व बायोप्सी पुन्हा करावी लागते. या भेटीला जाताना निदानाच्या वेळचा बायोप्सीचा मूळ अहवाल, आजवरची टीटीजीची सगळी मूल्ये तारखांसह, चालू औषधांची नावे आणि गेल्या दोन आठवड्यांत खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद सोबत न्यावी. ज्या पाकिटांविषयी शंका आहे, त्यांच्या घटकांच्या यादीचे फोटोही काढून न्यावेत.